लग्न ठरलंय आणि घरही घ्यायचंय: ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी हॉल बुक करायच्या आधी काय काय करायचं

लग्न ठरलंय, दोघंही नोकरीला आहेत, आणि घरात एकाच वेळी दोन विषय चालू आहेत, एक म्हणजे हॉल कुठला घ्यायचा आणि दुसरा म्हणजे लग्नानंतर राहायचं कुठे, अशांसाठी हे लिहितेय. माझं माहेर वर्तकनगर, सासर कोपरखैरणे, लग्न ठाण्यात झालं आणि नंतर आम्ही कळव्याला रिसेलमध्ये वन बीएचके घेतला. त्या काळात सल्ले भरपूर मिळाले, "लग्न काय रोज रोज होतं का" म्हणणारे पण होते आणि "लग्नात पैसा घालवणं म्हणजे वेडेपणा" म्हणणारे पण होते, पण आधी काय करायचं आणि नंतर काय हे नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. माझं मत विचाराल तर खरी गोम क्रमातच आहे. बहुतेक घरांत आधी मुहूर्त निघतो, मग हॉल पकडतात, मग बजेट हळूहळू फुगत जातं आणि उरलंसुरलं घरासाठी. हे फिरवा. घराचा आकडा पहिला काढायचा आणि लग्नाचं बजेट त्यानंतर ठरवायचं.

लग्न कोर्टातच उरका असं माझं अजिबात म्हणणं नाही हां. आईबाबांची हौस असते, आपलीही असते. फक्त कुठल्या हौसेची किंमत किती हे आधी माहीत असावं, नंतर बँकेत बसल्यावर कळू नये.

हे सगळं जवळ घेऊन बसा:

- दोघांच्या ६ महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि बँक स्टेटमेंट
- मागच्या २ वर्षांचे फॉर्म १६ किंवा आयटीआर
- पॅन, आधार
- दोघांचा क्रेडिट रिपोर्ट (वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका)
- पीएफचं पासबुक
- चालू असलेले सगळे ईएमआय, मोबाईलचा सुद्धा
- घरातली आहेराची वही, ही कशाला ते पुढे सांगते
- एक गुगल शीट किंवा साधी वही, दोघांनाही उघडता येईल अशी

१. आधी घराला रोख किती लागेल ते काढा

"डाउन पेमेंट २० टक्के" एवढं ऐकून बरेच जण हिशोब करतात आणि तिथेच फसतात, कारण खिशातून जाणारे पैसे त्यापेक्षा बरेच जास्त असतात. उदाहरण म्हणून ७० लाखांचा रिसेलचा वन बीएचके धरू. घोडबंदरला, ऐरोलीला, कामोठ्याला भाव वेगवेगळे आहेत, तुमच्या एरियाचा आकडा तुम्ही टाका, पद्धत तीच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. म्हणजे आपल्या उदाहरणात कर्ज फार तर ५६ लाख. आता पदरचे:

- डाउन पेमेंट १४ लाख
- स्टॅम्प ड्युटी, ठाणे आणि नवी मुंबई महापालिका हद्दीत ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार
- रजिस्ट्रेशन फी ३० हजार
- ब्रोकर १ टक्का धरला तर ७० हजार, काही जण २ टक्के मागतात, आधीच बोलून घ्या
- सोसायटीचा ट्रान्स्फर प्रीमियम, जास्तीत जास्त २५ हजार
- बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, सर्च रिपोर्ट (घराचे जुने व्यवहार तपासलेला अहवाल), किरकोळ, ५० हजार धरून चाला
- रंग, किचन, ग्रील, गिझर, पंखे, एक कपाट, अडीच लाख

झाले २३ लाख. बँक स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनला कर्ज देत नाही, हे पैसे रोख तयार लागतात आणि ते पण अॅग्रीमेंटच्या दिवशी. आणि स्टॅम्प ड्युटी ही तुमचा व्यवहार आणि सरकारी रेडी रेकनर (सरकारने त्या एरियासाठी ठरवलेला भाव) यातला जो आकडा मोठा त्याच्यावर लागते, तेव्हा घर स्वस्तात मिळालं म्हणून ड्युटी पण कमी बसेल असं धरू नका.

अंडर कन्स्ट्रक्शन घेणार असाल तर वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेतीन लाख. ४५ लाखांपर्यंतचं आणि ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं (म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) घर असेल तर १ टक्का. ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलं किंवा रिसेलचं घेतलं तर जीएसटी नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडंही चालू आणि बँकेचा हप्ताही चालू, हे विसरायचं नाही. नवी मुंबईत बऱ्याच इमारती सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) लीजवर दिलेल्या जमिनीवर आहेत, तिथे रिसेलला सिडकोची परवानगी आणि ट्रान्स्फर चार्जेस लागतात, ते विकणारा भरणार की तुम्ही हे टोकन द्यायच्या आधी लिहून घ्या.

२. बँकेत जाऊन कर्ज किती मिळेल ते विचारा

हे हॉल बघायला सुरुवात करायच्या आधी. पगार ज्या बँकेत येतो तिथे जा आणि अजून एका बँकेत जा, दोघांच्या स्लिपा दाखवा आणि विचारा की आज अर्ज केला तर किती मिळेल. विचारायला पैसे पडत नाहीत. फक्त प्रत्यक्ष अर्ज दहा ठिकाणी टाकू नका, प्रत्येक अर्जाची नोंद क्रेडिट रिपोर्टवर पडते.

बँक साधारण बघते की हातात येणाऱ्या पगारातला किती भाग हप्त्यात जाऊ शकतो. समजा दोघांचा मिळून हातात १ लाख १० हजार येतो आणि बँक निम्मा धरते, म्हणजे महिन्याला ५५ हजारांपर्यंत हप्ता चालेल. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर १ लाखाला हप्ता जवळपास ८६८ रुपये बसतो, तेव्हा ५५ हजारांत साधारण ६३ लाख कर्ज बसतं. आपल्याला ५६ पाहिजे. म्हणजे जमतंय. हा कागद जपून ठेवा, पुढच्या मुद्द्यात लागणार आहे.

लग्नाआधीच घर घ्यायचा विचार असेल तर होणाऱ्या जोडीदाराला सहकर्जदार म्हणून घेतात का हे आधी विचारून घ्या, प्रत्येक बँकेचं वेगळं असतं.

३. लग्नासाठी पर्सनल लोन घ्यायच्या आधी हे वाचाच

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर हीच सांगितली असती. "पाच लाखांचं पर्सनल लोन काढू, पाच वर्षांत फिटून जाईल" हे वाक्य अगदी सहज बोललं जातं. १४ टक्क्यांनी ५ लाख, ५ वर्षं, हप्ता येतो साधारण ११,६०० रुपये. एकूण भरता जवळपास ७ लाख. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं आणि २ लाख व्याज म्हणजे काही डोक्यावरून पाणी नाही असं वाटतं.

पण आता तो बँकेचा कागद काढा. ५५ हजारांतून हे ११,६०० गेले, राहिले ४३,४००. त्यात होम लोन बसतं ५० लाख. म्हणजे लग्नासाठी ५ लाख उचलले आणि घराचं कर्ज १३ लाखांनी कमी झालं! ७० लाखांच्या घराला आता १४ ऐवजी २० लाख डाउन पेमेंट लागेल, आणि ते जमवायचे कशातून, तर महिन्याला ११,६०० कमी झालेल्या पगारातून. माझ्या ओळखीतली कितीतरी जोडपी इथेच अडकलीत, पगार चांगले, घर पसंत, बँक म्हणते आधीचं लोन संपवून या. तोपर्यंत घराचे भाव थांबून राहत नाहीत.

क्रेडिट कार्डावर सोनं किंवा हनिमूनचं पॅकेज ईएमआयवर घेतलं तरी तेच होतं, आणि ते "आत्ता घ्या नंतर भरा" वाले अॅप पण बहुतेक रिपोर्टवर दिसतात. मग करायचं काय? लग्नाचा खर्च हातातल्या पैशात बसवायचा. बसत नसेल तर तारीख पुढे ढकला नाहीतर खर्च कापा, कर्ज हा तिसरा पर्याय टेबलावर ठेवूच नका. बाबांच्या नावाने कर्ज काढणं हे सुद्धा कर्जच आहे, फक्त फेडणारा माणूस रिटायरमेंटच्या जवळ आलेला आहे.

पीएफमधून लग्नासाठीही पैसे काढता येतात आणि घरासाठीही. माझा ठाम सल्ला, पीएफला लग्नासाठी हात लावू नका, स्टॅम्प ड्युटीच्या वेळी हेच पैसे कामाला येतात.

४. खर्च महिन्यांत मोजा

दोघं मिळून दर महिन्याला घरासाठी किती बाजूला टाकू शकता ते काढा. समजा ४० हजार. मग १ लाख म्हणजे अडीच महिने. आता लग्नातला प्रत्येक खर्च असा बघा. ८० हजारांचं प्री-वेडिंग शूट म्हणजे घर २ महिने पुढे. वेगळं रिसेप्शन ४ लाखांचं, १० महिने. डेकोरेशन दीड लाखावरून ७० हजारांवर आणलं, २ महिने परत मिळाले.

आम्ही घरी असंच बोलायला लागलो आणि भांडणं खरंच कमी झाली, कारण "हे फालतू आहे" असं कुणाला म्हणावं लागत नाही. सासूबाईंना सनई-चौघडा प्रत्यक्ष वाजवणारे हवे होते, रेकॉर्ड नको, तो जेमतेम एका महिन्याचा प्रश्न होता, लगेच हो म्हटलं. घोड्यावरून वरात मात्र नवऱ्यानेच स्वतःहून काढून टाकली.

५. याद्यांच्या बैठकीआधी तुमची दोघांची बैठक

याद्या म्हणजे दोन्हीकडची मोठी माणसं बसून कुणी काय करायचं ते ठरवतात, हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, मानपानाच्या साड्या किती. एकदा का मामा-काकांसमोर एखादी गोष्ट कबूल झाली की ती मागे घेता येत नाही, कारण मग प्रश्न पैशाचा राहत नाही, शब्दाचा होतो. म्हणून तुम्ही दोघं आधी भेटा, उपवन नाहीतर वाशीच्या मिनी सीशोअरला जाऊन बसा, आणि तीन गोष्टी पक्क्या करा: एकूण आकडा किती, त्याच्या वर काहीही झालं तरी जायचं नाही असं दोघांना मान्य आहे का, आणि आपापल्या घरी कोण बोलणार. तुमच्या आईशी तुम्ही बोलायचं, त्याच्या आईशी त्याने. उलटं केलंत की बिघडलंच म्हणून समजा.

मग आईबाबांशी बोलताना बचतीचं प्रवचन देऊ नका, मुद्दा १ आणि २ चे कागद दाखवा. माझ्या बाबांनी माझ्या लग्नासाठी म्हणून वेगळी एफडी ठेवली होती आणि त्यांचं म्हणणं होतं लग्नाचे पैसे लग्नालाच लागले पाहिजेत, नाहीतर लोक म्हणतील मुलीच्या लग्नात हात आखडला. त्यांना मी ती २३ लाखांची यादी वाचून दाखवली, सावकाश, एकेक ओळ. स्टॅम्प ड्युटीच्या आकड्यावर ते थांबले, परत विचारलं, चष्मा लावून स्वतः गुणाकार केला. त्यानंतर म्हणाले, "हॉल मी करतो, रिसेप्शन नको." बस. एवढंच लागतं बऱ्याचदा, आकडा त्यांच्या हाताने निघाला पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. "मुलीकडच्यांनी फ्लॅटला थोडा हातभार लावावा" असं कुणी सुचवलं, कितीही गोड शब्दांत, तर तो हुंडा आहे. १९६१ च्या कायद्याने देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. मुलीच्या आईवडिलांनी मनापासून मुलीला पैसे दिले तर ते तिच्या खात्यात जाऊ देत आणि घराच्या अॅग्रीमेंटवर तिचं नाव असू देत. याच्यात संकोच करायचा नाही.

६. पाहुण्यांची यादी, म्हणजेच बजेट

हॉल, जेवण, पत्रिका, मानपान, सगळं माणसांच्या आकड्यावर चालतं. तेव्हा घासाघीस केटररशी करण्याआधी यादीशी करा. ७०० रुपये पान धरलं तर ६०० माणसांचे ४ लाख २० हजार, ३०० माणसांचे निम्मे. ही एकच गोष्ट तुम्हाला ५ महिने परत देते.

आता ती आहेराची वही. माझ्या आईकडे एक लांबट वही आहे, माझ्या ताईच्या लग्नापासूनची. डावीकडे नाव आणि गाव, उजवीकडे "५०१", "स्टीलचा डबा", "साडी, मोरपंखी", आणि काही नावांपुढे बारीक टिक, म्हणजे त्यांच्याकडच्या कार्याला आपण परत केलं. आई प्रत्येक नावाला म्हणायची यांनी आपल्याला बोलावलं होतं. आम्ही दोघी एका रविवारी दुपारी ती वही घेऊन बसलो आणि फक्त एकच प्रश्न विचारायचा ठरवलं, मागच्या दोन वर्षांत यांच्याशी फोनवर तरी बोललो का. ज्यांच्याशी बोललो नव्हतो त्यांना लग्नानंतर दोघांनी घरी जाऊन पेढे द्यायचे असं आईनेच सुचवलं. तसे गेलो पण. कुणी रागावलं नाही, उलट काहींनी जेवायलाच थांबवून घेतलं.

ज्यांच्याकडे आगरी-कोळी पद्धतीची मोठी हळद असते त्यांनी हळदीचं बजेट लग्नाच्या आत धरू नका, वेगळा रकाना करा. मंडप, जेवण, बँजो, डीजे मिळून हळद लग्नापेक्षा मोठी होऊ शकते. आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे मध्यरात्रीपर्यंतचे पैसे घेणाऱ्या डीजेला तसंही विचारा की १० नंतर काय वाजवणार.

७. हॉल आणि केटरर: कुठे पैसे गळतात

- हॉलचं भाडं विचारताना "सगळं धरून किती" असं विचारा. जीएसटी, लाईट, जनरेटर, सफाई, खोल्या, पार्किंग, डिपॉझिट, हे सगळं मागून लागतं.
- बाहेरचा केटरर किंवा डेकोरेटर चालेल का? काही हॉल परवानगी देतात पण रॉयल्टी मागतात, आणि ती रॉयल्टी केटरर तुमच्याच पानात घालतो.
- तारीख बदलली तर किती पैसे परत, हे लेखी घ्या. तोंडी "बघू की, आपलाच हॉल आहे" चालणार नाही.
- तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तारखा, मे महिना आणि सगळे शनिवार-रविवार महाग. मंगळवार-बुधवारचा मुहूर्त निघत असेल तर भाव बराच खाली येतो, गुरुजींना आधीच सांगा की मधल्या वारांचे मुहूर्त काढून द्या.
- केटररबरोबर कमीत कमी किती पानांचे पैसे द्यावे लागतील तो आकडा तुमच्या अंदाजापेक्षा थोडा खालीच ठेवा, वाढीव पानं त्याच भावात मिळतील असं लिहून घ्या.
- जेवणाच्या दिवशी ताटांच्या टेबलाशी घरचा एक माणूस उभा करा. ताटं किती निघाली याचा हिशोब केटररचा माणूस लिहितो, आपलाही कुणीतरी लिहिला पाहिजे. आमच्याकडे धाकट्या मावसभावाने हे काम घेतलं होतं, वही-पेन घेऊन, आणि रात्री दोन्ही आकडे जुळवूनच पैसे दिले.
- एका कार्यासाठी एकाच माणसाला २ लाख किंवा त्याहून जास्त रोख देता येत नाहीत, दोन-तीन तुकडे करून दिले तरी नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो. चेक नाहीतर ऑनलाइन द्या, पक्की पावती घ्या.

फुलं, पूजेचं सामान, नारळ, सुपाऱ्या यासाठी जांभळी नाका गाठा, आणि ड्रायफ्रूट, मसाले, धान्य जास्त लागणार असेल तर वाशीचं एपीएमसी. पत्रिका थोड्याच छापा, देवाला, गुरुजींना आणि घरच्या मोठ्यांना, बाकीच्यांना फोन करून व्हॉट्सअॅपवर पाठवा. फोन मात्र करायचाच.

८. सोनं

"सोनं म्हणजे गुंतवणूकच की" हे प्रत्येक घरात ऐकाल. दागिना आणि गुंतवणूक यात फरक आहे तो घडणावळीचा. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी तुम्ही घेताना भरता आणि मोडायला गेलात की ते कुणी परत देत नाही. नाजूक डिझाईनला घडणावळ जास्त. मंगळसूत्र, एखादी अंगठी, पाटल्या, जे अंगावर राहणार आहे ते मनापासून घ्या. लॉकरमध्ये जाणारा भारीतला सेट म्हणजे घराचे पैसे लॉकरमध्ये.

आईचे, आजीचे जुने दागिने असतील तर पॉलिश करून वापरा, मोडून नवीन करायची घाई नको. नवीन घेताना हॉलमार्कसोबत सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा स्वतःचा नंबर) आहे ना बघा, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि बिलावर वजन, कॅरेट, घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या.

९. घराचे पैसे कुठे ठेवायचे

घर २-३ वर्षांत घ्यायचं असेल तर ते पैसे शेअर बाजारात नकोत, नेमकी अॅग्रीमेंटच्या महिन्यात बाजार पडलेला असू शकतो. आरडी आणि एफडी, साधं सरळ. दोघांचं एक वेगळं जॉइंट खातं काढा आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप तिकडे जाऊ देत, त्या खात्याचं यूपीआय चालूच करू नका. एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्याच ठेवींना विमा असतो, सहकारी बँकेत ठेवणार असाल तर हे जास्त लक्षात ठेवा आणि रक्कम विभागून ठेवा. जास्त व्याजाच्या मोहाने भिशीत किंवा ओळखीच्या माणसाच्या "स्कीम" मध्ये डाउन पेमेंटचे पैसे घालू नका, प्लीज.

लग्नात आलेल्या आहेरावर वधू-वरांना इन्कम टॅक्स नाही, कुणीही दिला तरी. पाकिटं उघडताना नाव आणि रक्कम लिहून काढा, पैसे लगेच बँकेत भरा आणि ती यादी ठेवा. नंतर डाउन पेमेंटचे पैसे कुठून आले असा प्रश्न आला तर हीच यादी कामाला येते.

१०. म्हाडा आणि सिडकोचा अर्ज

ठाणे जिल्ह्यातली घरं म्हाडाच्या (राज्य सरकारची घरं बांधणारी संस्था) कोकण मंडळाच्या लॉटरीत येतात, नवी मुंबईत सिडकोची योजना निघते. मुंबई महानगर भागात म्हाडाचे गट वर्षाच्या उत्पन्नावर ठरतात, ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम, त्यावर उच्च. लग्न झालेल्यांना नवरा-बायको दोघांचं मिळून उत्पन्न दाखवावं लागतं, त्यामुळे लग्नानंतर तुमचा गट बदलू शकतो हे ध्यानात घेऊन अर्ज करा, आणि माहिती खरीच भरा, पडताळणीत घर रद्द होतं. अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर सगळे एकदम तिकडे पळतात. लॉटरी लागली नाही तर अनामत रक्कम परत येते. लॉटरी लागवून देतो म्हणणारा दलाल भेटला तर तिथून उठून या.

११. विवाह नोंदणी लगेच करा

होम लोन एकत्र घ्यायचं, नाव बदलायचं, नॉमिनी बदलायचा, सगळीकडे मॅरेज सर्टिफिकेट मागतात. विधीने लग्न केलं असेल तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात नोंदणी होते. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, गुरुजींची सही, आणि ३ साक्षीदार त्यांच्या कागदपत्रांसकट. गुरुजींची सही लग्नाच्या दिवशी हॉलमध्येच फॉर्मवर घेऊन टाका, नंतर ते मुहूर्तांच्या धावपळीत सापडत नाहीत.

रजिस्टर लग्न करणार असाल तर १९५४ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टखाली आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असला पाहिजे, नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीच्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर परत नोटीस. इथे पण ३ साक्षीदार. आमच्या मित्रमंडळींत एका जोडप्याने असं लग्न केलं आणि संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये फक्त जवळच्यांना जेवण दिलं, पुरणपोळी आणि कटाची आमटी, आजही लोक त्या जेवणाची आठवण काढतात.

१२. घर घेताना, शेवटच्या टप्प्यात

नाव कुणाचं? फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते, ७० लाखांवर ७० हजार. पण नवऱ्याचं नाव जोडलं की ही सूट जाते. आणि जो घराचा मालक नाही त्याला, हप्ता भरत असला तरी, होम लोनवरची टॅक्स सवलत घेता येत नाही. नव्या टॅक्स पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची सवलत तशीही नाही, त्यामुळे दोघं कुठल्या पद्धतीत आहात ते बघून ठरवा. आम्ही दोघांची नावं घातली, ७० हजारांपेक्षा दोघांचा हक्क आम्हाला मोठा वाटला.

बिल्डरकडून घेताना महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून स्वतः बघा, ब्रोकरच्या मोबाईलवर नाही. रजिस्टर्ड अॅग्रीमेंट झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागू शकत नाही. रिसेलमध्ये आधीच्या सगळ्या अॅग्रीमेंटची साखळी, ओसी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची नो ड्यूज, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, हे मागा. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा पट्ट्यात अनधिकृत इमारतींचा प्रश्न मोठा आहे, फ्लॅट स्वस्त दिसतो, बँक कर्ज देत नाही, आणि तेव्हा ब्रोकर म्हणतो रोख द्या. बँकेने नाही म्हटलं तर ते घर सोडा. विकणाऱ्याने काही रक्कम कॅशमध्ये मागितली तर तेही नको, ते बेकायदेशीर तर आहेच पण बँक कर्ज देते अॅग्रीमेंटच्या आकड्यावर, त्यामुळे तुमचं डाउन पेमेंट वाढतं.

घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, ७० लाखांना ७० हजार. हे पैसे जास्तीचे नाहीत, किमतीतूनच कापायचे असतात, पण विकणाऱ्याला टोकनच्या वेळीच सांगून ठेवा. भरल्याचं चलन आणि नंतरचं टीडीएस सर्टिफिकेट त्याला द्या, तुमची प्रत फाइलमध्ये लावा. रजिस्ट्रेशन झाल्यावर इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीचा सरकारी उतारा, काढून घ्या आणि त्यावरची नावं, फ्लॅट नंबर, कार्पेट एरिया तिथेच उभं राहून तपासा. मूळ अॅग्रीमेंट बँक ठेवून घेते, त्याच्या आधी प्रत्येक पानाचा स्कॅन तुमच्याकडे असू द्या आणि बँकेकडून जमा केलेल्या कागदांची सही-शिक्क्याची यादी मागून घ्या.